म्हमाणे सरांची रविवारची तालीम

आमच्या शेजारच्या म्हमाणे सरांच्या गळ्यात चोवीस तास शिट्टी असते. शाळेतून निवृत्त झाले, पण कवायत काही निवृत्त झाली नाही. दूधवाला गेटाशी रेंगाळला की शिट्टी. आमचा कुकर वाजला की भिंतीपलीकडून उत्तरादाखल शिट्टी. बायको तीही मोजते, त्यामुळे आमची डाळ आठवड्यातून दोनदा कच्ची राहते.

कॉलनीतल्या पोरापोरींचं सरांनी युवा मंडळ काढलं आहे. खेळता खेळता जगायला शिकवायचं आणि लोकांच्या उपयोगी पडायचं, हा हेतू. लंगडीत जो बाद होईल त्याला इतरांनी बँडेज बांधायचं, हा त्यांचा प्रथमोपचार. पहिल्याच दिवशी बारा धडधाकट पोरं डोक्याला पट्ट्या बांधून घरी गेली आणि आयांनी एकच कल्ला केला.

"सराव झाला की!" सर म्हणाले. "आयांचा पण."

बाकी सगळं सुरळीत चाललं. झाडं लागली, पोरांना भाकरी थापता यायला लागली. अडलं ते एकाच ठिकाणी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना भेटायला जायचं ठरलं, सहा जणांची यादी मीच करून दिली. पण सर म्हणाले, "तालमीबिगर कुटं जायचं न्हाय."

तालीम दर रविवारी सरांच्याच घरी. सर मफलर गुंडाळून खुर्चीत बसतात. "समजा, मी म्हातारा हाय. समजा, एकटा हाय. वाजवा बेल!" पोरं आत येतात, पाणी पितात, तब्येत विचारतात. मग हे समजा-आजोबा अक्कलकोटच्या गर्दीत बायकोची चप्पल हरवली, त्यांनी आपली तिला दिली आणि स्वतः अनवाणी फिरले, ती गोष्ट सांगतात. शेवटी शिट्टी.

"कच्चं हाय! पूजानं मधीच घड्याळ बघितलं. पुढच्या रविवारी परत."

असे पाच महिने गेले. तिकडे सहा माणसं वाट बघत असतील म्हणून मला चैन पडेना. मंडळाची कॅप्टन पूजा बारावीत आहे. तिला मी जिन्यात गाठलं.

"अगं, इतकी साधी गोष्ट, दर वेळी कोणीतरी चुकतंच कसं?"

"नंबर लावलेत काका. आज माझा होता, पुढच्या रविवारी रफिकचा."

"आणि ती सहा माणसं?"

"त्यांच्याकडं आमी शनिवारीच जाऊन येतो की. पण सरांना सांगू नका. आमी पास झालो तर त्यांचा रविवार बंद पडंल."

सरांची बायको जाऊन तीन वर्षं झाली. आमची भिंतीला भिंत, आणि या तीन वर्षांत मी सरांची बेल एकदाही वाजवली नव्हती. नुसता शिट्टीला हसत होतो. मला खरोखर लाज वाटली.

पुढच्या रविवारी पोरांबरोबर मीही गेलो. पाणी प्यायलो, तब्येत विचारली. चपलेची गोष्ट ऐन रंगात आली असताना खिशातून मोबाइल काढून बघत बसलो. रफिक माझ्याकडे रागाने बघायला लागला, त्याचा नंबर मी खाल्ला होता.

शिट्टी वाजली.

"शेजारी असून लई कच्चे हो तुमी!" सरांचा चेहरा नुसता फुलला होता. "तुमाला तर वर्षभर यावं लागतंय बघा."

"येतो सर," मी म्हणालो.