शनीबाईंचं आमंत्रण

एखाद्या शहराची उंची मोजायची झाली तर तिथले पूल आणि विद्यापीठं बघत बसण्यात अर्थ नाही. लहान मुलांसाठी काढलेल्या कार्यक्रमाकडे तिथली मोठी माणसं किती गांभीर्याने बघतात, ते बघावं. या मापाने इजिप्तमधलं आमचं मन्सूरा जगातल्या कुठल्याही शहराच्या तोडीस तोड ठरेल, आणि त्याचं सगळं श्रेय ‘सूर्यमंझिल अभ्यास मंडळा’ला जातं.

‘सूर्यमंझिल’ ही पाच ते नऊ वयोगटासाठीची कार्टून मालिका. (मंडळात या वयोगटातलं कुणी नाही. मुलांना मालिका फारशी कळत नाही, असं मंडळाचं मत आहे.) तिच्यात सूर्य हा घरमालक आणि ग्रह त्याचे भाडेकरू. तळमजल्यावर तापट मंगळाचं केस कापायचं दुकान, वर गुरूच्या घरी पोराबाळांचा गोतावळा, दुसऱ्या मजल्यावर हातभर कडी घालणाऱ्या शनीबाई. प्लूटोही पूर्वी रीतसर भाडेकरू होता. पुढे त्याचं नाव दारावरच्या पाटीवरून काढून टाकलं, तेव्हापासून तो गच्चीवरच्या खोलीत राहतो. मुलांना सूर्यमालेतला क्रम पाठ व्हावा, एवढीच निर्मात्यांची अपेक्षा होती. आपण काय निर्माण केलंय हे निर्मात्यांना कळत नसतं, हे मंडळाने पहिल्याच बैठकीत एकमताने मान्य केलं.

मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष आणि चहा सांगणारे एकच, उस्ताद रिफअत दरवीश. वय अडतीस, अविवाहित, नोकरी सरकारी. निवृत्त लोकांना हयातीचा दाखला देण्याचं काम त्यांच्याकडे आहे. समोर उभा राहून खोकणारा म्हातारा कागदपत्रांशिवाय जिवंत धरायचा नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ऑफिस सुटल्यावरही ती सुटत नसे. असा माणूस संशोधनाकडे वळला नसता तरच नवल.

मंडळाचा मुख्य विषय म्हणजे मालिकेतला जेमतेम बारा सेकंदांचा एक प्रसंग. प्लूटो जिना चढतोय. शनीबाईंच्या बंद दारामागून जोरात श्वास ओढल्याचा आवाज येतो. दार उघडतं. हातात पळी घेतलेल्या शनीबाई म्हणतात, “मुलुखिया केलीय, या ना जेवायला.” प्लूटो म्हणतो, “सलामत राहा, पुन्हा कधीतरी.” आणि वर निघून जातो. पुढे जाहिरात लागते. (मुलुखिया म्हणजे आमच्याकडची पाल्याची पातळ भाजी.)

आता प्रश्न असा, की हे आमंत्रण खरं होतं का? नाईलमधून होडी हाकणारा माणूस काठावरच्या माणसाला ‘या जेवायला’ म्हणतो, कारण काठावरचा काही पोहत येणार नाही याची त्याला खात्री असते. आमच्याकडे याला होडीवाल्याचं आमंत्रण म्हणतात. सभ्य माणसाने दिवसातून पाच-सहा वेळा तरी ते द्यावं आणि तितक्याच वेळा नाकारावं, अशी रीत आहे. घेणाऱ्याने खरंच आत येऊन बूट काढले तर देणाऱ्याची पंचाईत होते.

यावरून मंडळात दोन पक्ष पडले. दातांचे डॉक्टर बहगत यांच्या होडीपक्षाचं म्हणणं, शनीबाई नुसत्या रीत पाळत होत्या. उस्ताद रिफअत यांच्या दारपक्षाचं म्हणणं, आमंत्रण खरं होतं, कारण बाईंनी पदार्थाचं नाव घेतलं आणि दार सताड उघडं ठेवलं. वाद चांगलाच पेटला. दारपक्षाचे लोक दाढ दुखली तरी डॉक्टर बहगतांकडे जाईनासे झाले. त्या श्वासाच्या आवाजावर तर दोन्हीकडून इतकं लिहून झालं की ते सगळं वाचलेला माणूस अजून सापडलेला नाही. डॉक्टर म्हणत, तो भीतीचा श्वास आहे, मी तो खुर्चीत बसलेल्या माणसाकडून रोज ऐकतो. उस्ताद म्हणत, तो प्रेमाचा आहे. (हा त्यांनी कुठे ऐकला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.)

उस्ताद स्वतः पाचव्या मजल्यावर राहत. इमारतीची लिफ्ट फार वर्षांपूर्वी बंद पडली होती, त्यामुळे जिना चढणं आलंच. त्यांचा डावा बूट चालताना करकरे. दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरी, आसरच्या नमाजानंतर ते घरी येत, आणि दुसऱ्या मजल्यावर पोस्टात काम करणारी इब्तिहाल दार उघडून उभी असे. हातात पळी.

“मुलुखिया केलीय, उस्ताद. या ना जेवायला.”

“सलामत राहा. पुन्हा कधीतरी.”

अशी चार वर्षं गेली. इब्तिहाल फार चांगल्या वळणाची मुलगी आहे, असं उस्तादांचं मत होतं. मग ते तिथेच पायरीवर उभे राहून तिला आपला ताजा मुद्दा समजावून सांगत. शनीबाईंच्या पळीचा कोन, दाराची फट, उजेड कुठून येतो. इब्तिहाल ऐकून घेई. आतून तिचे वडील हाजी अब्दुत्तव्वाब ओरडत, “कोण आहे गं?” ती म्हणे, “प्लूटो.” हाजींना कमी ऐकू येई, म्हणून ते पुन्हा विचारत. उस्तादांना त्या पायरीवर फार बरं वाटे. जिन्यातल्या खिडकीतून वारा छान येतो, त्यामुळे असेल असं ते समजत.

वाद मिटेना तेव्हा उस्तादांनी एक पाऊल उचललं. आजवर पडद्यावरच्या बाईचाच अभ्यास झाला, आता एखाद्या प्रत्यक्ष बाईची साक्ष घेऊ. त्यांच्या ओळखीत अशी एकच होती. शुक्रवारी दुपारी, मंडळ जिथे जमतं त्या नदीकाठच्या कहवाखान्यात इब्तिहाल येऊन बसली. तिच्यासाठी पुदिन्याचा चहा सांगण्यात आला, आणि टॅबवर तो प्रसंग तीनदा दाखवण्यात आला.

“आमंत्रण देण्याचा काही अनुभव?” डॉक्टर बहगतांनी सुरुवात केली.

“चार वर्षांचा,” इब्तिहाल म्हणाली. “एकाच माणसाला.”

उस्तादांनी खूश होऊन मान डोलावली. साक्षीदार पक्की निघाली होती.

“बाई इथे घाबरून श्वास ओढतात, हे तर कुणालाही दिसतंय,” डॉक्टर म्हणाले.

“घाबरायला काय झालंय तिला? लसूण घालतेय ती.”

मुलुखियाच्या पातेल्यात लसूण-धण्याची फोडणी ओतताना बाईने असा श्वास ओढायचा असतो, नाहीतर चव येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मंडळातल्या प्रत्येकाने ते आईच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं होतं. तिथवर त्यांचा विचार गेला नाही, कारण ते खोलात विचार करत होते.

“आणि लसूण सगळ्यात शेवटी घालतात, डॉक्टर,” इब्तिहाल पुढे म्हणाली. “घातला की लगेच वाढायचं, थांबलं की मजा गेली. म्हणून जेवणारा माणूस जिन्यात आला, त्याची पावलं ऐकू आली, की मग फोडणी ओतायची. या बाईने त्याची पावलं ऐकून फोडणी ओतलीय. आणखी काय करायचं तिने? ढोल बडवायचा?”

डॉक्टर बहगत लग्न झालेले गृहस्थ. त्यांनी इब्तिहालकडे पाहिलं, मग उस्तादांकडे पाहिलं, मग चहाच्या ग्लासाकडे बघत राहिले. “माझा आक्षेप मी मागे घेतो,” ते हळूच म्हणाले. “आता तुम्हीच विचारा, उस्ताद. काय विचारायचं असेल ते आजच विचारून घ्या.”

इतक्या वर्षांचा विरोधक असा एका झटक्यात आडवा झालेला पाहून उस्तादांना भरून आलं. “मग प्लूटो आत का जात नाही?” त्यांनी विचारलं. “हा कथेतला दोष म्हणायचा का?”

“गाढव आहे म्हणून जात नाही.”

“ही वैयक्तिक टीका झाली.”

“हो,” इब्तिहाल म्हणाली.

“बरं, आणि शनीबाईंचं पुढे काय होणार? तुमचा अंदाज?”

इब्तिहालने चहा संपवला. “अंदाज कशाला? तंता शहरातला एक इंजिनियर आहे. येत्या गुरुवारी त्याच्याकडची माणसं येणार आहेत, फातिहा वाचायला. वाचली की ठरलं लग्न. बाईचे वडील म्हणतात, किती दिवस वाट बघायची. तसं त्यांचंही काही चूक नाही.”

उस्ताद पुढे सरकले. “म्हणजे हे पुढच्या पर्वात आहे? तुम्हाला कुठून कळलं?”

इब्तिहालने पर्स उचलली. “आतल्या गोटातून,” ती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतरचा आठवडा मंडळाच्या इतिहासात सोनेरी मानला जातो. ‘तंत्याचा पाहुणा’ ही बातमी संध्याकाळपर्यंत अलेक्झांड्रियाला पोचली आणि सकाळी मोरोक्कोतून विचारणा आली. हा इंजिनियर म्हणजे कुशीवर लोळणारा युरेनस, असं एका गटाने सिद्ध केलं. तो धूमकेतू असून लग्नानंतर लगेच पंचाहत्तर वर्षांसाठी निघून जाईल, असं दुसऱ्याने सिद्ध केलं. तंत्याची चण्याची मिठाई प्रसिद्ध, तेव्हा तिथला माणूस म्हणजे हातात तिचा डबा असणारच, यावर मात्र सर्व गटांचं एकमत झालं. (एकमत झाल्याची ही एकमेव नोंद.) उस्तादांच्या लेखाला सर्वांत जास्त वाचक मिळाले. प्लूटो गुरुवारच्या आत काहीतरी हालचाल करेल, इतका काही तो मूर्ख नाही, असं त्यांनी त्यात ठासून लिहिलं होतं. लिहिताना त्यांना छातीत जरा कसंसंच झालं. सकाळच्या ‘फूल’ नावाच्या उसळीत कांदा जास्त पडला असेल म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

गुरुवार उजाडला. उस्ताद नेहमीच्या वेळेला पावाची पिशवी घेऊन इमारतीत शिरले, तर जिन्याशी तीन माणसं उभी. त्यातल्या तरुणाने नवा कोट घातला होता आणि त्याच्या हातात मिठाईचा डबा होता.

“हाजी अब्दुत्तव्वाब इथेच राहतात ना?” त्याने विचारलं.

“दुसरा मजला,” उस्ताद म्हणाले.

“मेहेरबानी. आम्ही तंत्याहून आलोय.”

ती माणसं वर गेली. उस्ताद टपालपेट्यांपाशी उभे राहिले. डबा होता, तंता होतं, गुरुवार होता. आता त्यांना कुठल्याच कागदाची गरज उरली नाही. चार वर्षांचे सगळे गुरुवार त्यांना एकदम आठवले. ती पळी आठवली, ते दार, आणि ‘प्लूटो’ म्हणताना तिचा आवाज. अडतीस वर्षांच्या त्या सरकारी माणसाला टपालपेट्यांपाशी रडू आलं. आपल्याला ही मुलगी किती आवडते हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि कळून काही उपयोग नाही हेही कळलं.

ते बराच वेळ तसेच उभे होते. वरून पाहुण्यांचं बोलणं, हसणं ऐकू येत होतं. शेवटी राहायला पाचव्या मजल्यावर असल्याने त्यांना चढणं भाग होतं. पाय ओढत ते चढू लागले. डावा बूट करकरत होता. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे जिना वळतो, तिथे ते आले आणि दारामागून जोरात श्वास ओढल्याचा आवाज आला.

पाहुणे येऊन एवढा वेळ झाला होता, आणि तिने लसूण आत्तापर्यंत घातलेला नव्हता.

उस्तादांनी दार वाजवलं. हाजींनी उघडलं. “काय आहे?”

“मला जेवायला बोलावलंय.”

“आज?” हाजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कधी बोलावलं तुम्हाला?”

“चार वर्षं झाली,” उस्ताद म्हणाले.

कमी ऐकू येणाऱ्या हाजींना हे पहिल्याच खेपेला ऐकू गेलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, “बाबा, त्यांना आत घ्या. वाढलंय मी.”

उस्तादांनी बूट काढले. तंत्याचा इंजिनियर खरोखरच भला माणूस होता. इब्तिहालने पहिला वाडगा कुणासमोर ठेवला ते त्याने पाहिलं, आपला वाडगा मुकाट्याने संपवला, तोंडभरून तारीफ केली आणि घरच्यांना घेऊन निघाला. आणलेला डबा परत नेणं बरं दिसत नाही म्हणून मिठाई मागेच राहिली. दोन आठवड्यांनी त्याच घरात फातिहा वाचली गेली, तेव्हा तीच मिठाई वाटण्यात आली. फातिहा कुणाची, हे सांगायला नकोच.

उस्तादांनी ही सगळी हकिगत पुरावा म्हणून मंडळापुढे ठेवली. मंडळाने ती फेटाळली. साक्षीदार आणि अध्यक्ष यांचे हितसंबंध गुंतलेले असल्याने हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही, असं ठरलं, आणि त्या बारा सेकंदांवरचा वाद जोमाने पुढे सुरू झाला. गुरुवारी बैठक असली तर उस्ताद आता येत नाहीत.

चाणाक्ष वाचकांना हे सगळं जिन्यातच कळलं होतं. पहिल्यांदा पळी दिसली तेव्हाच त्यांनी ओळखलं, आणि ‘काय हा माणूस’ म्हणून हसलेही. अशा वाचकांचं मंडळ मनापासून स्वागत करतं, त्यांनी जरूर सभासद व्हावं. फक्त एक शंका आहे. हे वाचत असताना मघाशी तुम्हाला आतून कुणीतरी हाक मारली. आज काय केलंय तेही सांगितलं. तुम्ही मान वर न करता ‘आलो, आलो’ म्हणालात आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतलात. ते आमंत्रण खरं होतं की होडीवाल्याचं, यावर तुमचा अभ्यास काय सांगतो, ते सवडीने कळवा. जेवण गार झालंच आहे.