जुनी तारीख पुढे

जहाजावरच्या केबिनमध्ये शिरल्यावर केमिस्टसाहेबांनी समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आधी फ्रिज शोधला. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यात दिवसातून तीनदा थेंब घालायचे होते आणि थेंबांची बाटली थंड जागी ठेवायची होती. फ्रिज टेबलाखालच्या कपाटात सापडला. उशीएवढा होता आणि काठोकाठ भरलेला होता.

केमिस्टसाहेबांची सारी हयात स्वतःच्या मेडिकल दुकानात गेली होती. भरलेलं कपाट दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे व्हायचा. ज्या मालाची मुदत आधी संपते तो पुढे, उशिरा संपते तो मागे, हा त्यांचा नियम. घरातली बिस्किटंही ते असंच लावत. त्यांनी फ्रिजमधला सगळा माल पलंगावर काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तारखा वाचायला घेतल्या. सरबतं, बिअरचे डबे, चॉकलेटं व्यवस्थित लागली. सोनेरी झाकणाच्या छोट्या बाटल्यांवर मात्र मुदतीची तारीखच नव्हती.

"असला माल मी दुकानात ठेवून घेतला नसता," ते म्हणाले. त्या बाटल्यांमध्ये काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांनी जन्मात कधी दारूला शिवलं नव्हतं.

थेंबांची बाटली त्यांनी सगळ्यात मागे, जिथे गारवा जास्त तिथे ठेवली. शेवटची छोटी बाटली हातात असताना बायकोने टेबलावरचं कार्ड एका डोळ्याने वाचायला घेतलं. दुसऱ्यावर काळी काच होती.

"अहो, इथे लिहिलंय की बाटली खाचेतून उचलली की ती प्यायली असंच यंत्र धरतं. आपोआप बिलात लागते."

केमिस्टसाहेबांना हातातली बाटली ठेवावी की तशीच धरून बसावं ते कळेना.

"सगळ्याच?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही एखादी उचलायची राहिलीय का?"

प्रश्न पैशांचा नव्हता. बिल होणाऱ्या जावयाच्या नावावर जाणार होतं. तो याच जहाजावर इंजिनियर होता. दोन्ही घरांची नीट ओळख व्हावी म्हणून त्याने सवलतीत दोन्हीकडच्या मंडळींना या सफरीवर आणलं होतं. उतरताना साखरपुड्याची तारीख ठरायची होती. मुलाचे वडील एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना हेडसर म्हणत. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. एकच विचारलं, "घरात कोणी घेतं का?" केमिस्टसाहेब ताठ मानेने नाही म्हणाले होते. आणि मुलाच्या नावावर आलेलं प्रत्येक बिल हेडसर स्वतः वाचतात, हे मुलीनेच कौतुकाने सांगितलं होतं.

"आत्ताच जाऊन सांगून टाका त्यांना," बायको म्हणाली.

"काय सांगू? सगळ्या बाटल्या उचलल्या, पण फक्त तारखा बघायला? तुला तरी पटलं असतं का?"

बायकोने कार्ड पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. 

संध्याकाळी दारावर टकटक झाली. केबिनची व्यवस्था पाहणारा मध्यमवयीन माणूस हातात ट्रे घेऊन उभा होता. ट्रेमध्ये फ्रिजमधल्या एकूणएक वस्तूचा दुसरा नग होता. फ्रिज रिकामा झाल्याची वर्दी त्याला यंत्राने दिली होती. त्याची भाषा या दोघांना येत नव्हती. केमिस्टसाहेबांनी हातवारे करून नको नको म्हटलं. त्याचा अर्थ त्याने आता पुरे, उद्या आणा असा घेतला असावा. कारण त्याने समजूतदारपणे मान डोलावली, ट्रे टेबलावर ठेवला आणि जाताना एक डोकेदुखीची गोळी वर ठेवून गेला. सवयीने केमिस्टसाहेबांनी गोळीचीही तारीख पाहिली.

बाटल्या टेबलावर ठेवणं शक्य नव्हतं. होणाऱ्या विहीणबाई कधीही डोकावत. मोठ्या बॅगेतले स्वेटर बाहेर आले आणि बाटल्या आत गेल्या.

पण खरी अडचण थेंबांची होती. ते सगळ्यात मागे होते. ते काढायचे म्हणजे पुढच्या बाटल्या उचलायच्या आणि त्या उचलल्या की यंत्र पुन्हा वर्दी देणार. थेंब बाहेरच ठेवू या, असं बायको म्हणाली. थंड ठेवायचं औषध बाहेर ठेवणं केमिस्टसाहेबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दाराजवळ जागा करावी तर सगळ्या खाचा भरलेल्या. शेवटी दर वेळी ते गुडघ्यावर बसत, एकेक बाटली श्वास रोखून उचलत, थेंब काढत आणि सगळं पुन्हा जागेवर लावत. औषध घालण्यात त्यांचा हात सगळ्या पेठेत प्रसिद्ध होता. डोळ्यात थेंब पडलेला कळतही नसे. आता एक थेंब डोळ्यात पडला तर दोन गालावर पडत होते.

आणि दर वेळी थोड्या वेळाने टकटक व्हायची. दुसऱ्या दिवसापर्यंत बॅग भरली. मग बायकोची हँडबॅग भरली. जहाज जरा हललं की कपाटातून किणकिण ऐकू येई आणि दोघं एकमेकांकडे न बघता खोकत. केबिनवाला आता त्यांना आदराने सलाम करू लागला होता. कॉरिडॉरमधले इतर नोकरही वाट सोडून उभे राहत.

कळस झाला तो जेवणाच्या हॉलमध्ये. हेडसर तरुण पिढीच्या व्यसनांवर बोलत होते. एवढ्यात वेटरने, न मागता, एक भरलेला ग्लास केमिस्टसाहेबांपुढे आणून ठेवला आणि जुन्या मित्राला करावं तसं स्मित केलं. 

"चुकून आला असेल," मुलगी म्हणाली.

"चुकूनच," बायको म्हणाली, पण जरा जास्तच लवकर म्हणाली.

 हेडसरांनी ग्लासाकडे पाहिलं, मग केमिस्टसाहेबांकडे पाहिलं, मग पुन्हा ग्लासाकडे बराच वेळ पाहिलं. लग्न मोडलं, केमिस्टसाहेबांनी मनात नोंद केली. त्यांनी ताट पुढे सारलं.

बायको धीराची. तिने होणाऱ्या जावयाला सहज विचारल्यासारखं विचारलं, की फ्रिजमधली बाटली एखाद्याने नुसती उचलून बघितली, तर?

"काही नाही होत, काकू," तो म्हणाला. "यंत्र बिलात लावतं, पण उतरायच्या आदल्या संध्याकाळी माणूस येऊन मोजतो. जे सापडेल ते बिलातून निघतं. पुष्कळ लोक उगाच हात लावतात."

केमिस्टसाहेबांनी समोरचं सगळं ताट संपवलं आणि भात पुन्हा मागून घेतला.

शेवटच्या दुपारी बायको विहीणबाईंबरोबर डेकवर गेली. केमिस्टसाहेबांनी बॅगा रिकाम्या केल्या आणि सगळा माल टेबलावर रांगेत मांडला, अर्थातच तारखेप्रमाणे. एवढ्यात टकटक झाली. मोजणारा लवकर आला, असं समजून त्यांनी हसत दार उघडलं. दारात हेडसर होते.

हेडसर आत आले. त्यांनी दार लावून घेतलं. टेबलावरची रांग पाहून ते जागच्या जागी थांबले.  केमिस्टसाहेब पलंगावर बसले आणि म्हणाले, "सर, मी सगळं सांगतो. हे सगळं थेंबांमुळे झालं."

"थेंबाथेंबानेच होतं," हेडसर म्हणाले आणि शेजारी बसले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला केबिनवाल्याकडून कळलं, की तुमच्याकडे साठा आहे. आमच्या हिने पहिल्याच दिवशी त्याला दारातून परत पाठवलं. आमचा फ्रिज त्यानंतर भरलाच गेला नाही. आणि ती अंघोळीला गेली की मी..." ते खिडकीतून समुद्राकडे पाहू लागले. "आता संध्याकाळी मोजणी आहे. ती तिथे उभी राहणार आहे. सोनेरी झाकणाच्या सगळ्या हव्यात. आणि बिअरचे डबे."

केमिस्टसाहेबांना आधी काही उमगेना. उमगल्यावर आनंदाने त्यांचे हात भराभर चालू लागले. बिअरचा एक डबा त्यांनी पुढून उचलला. "आधी हे न्या, सर. याची मुदत जवळ आलीय." हेडसरांनी कोटाचे खिसे भरले. जाताना म्हणाले, "हे आपल्या दोघांत. साखरपुडा ठरला समजा." केमिस्टसाहेबांनी शब्द दिला. एवढ्या साठ्यातून चार-आठ गेल्या तर काय, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी केबिनवाल्याने मोजणी केली, दोनदा केली आणि समाधानाने मान डोलावली. सगळंच काही परत आलं नव्हतं. टेबलावरचा ढीग पाहून साहेबांनी काहीच घेतलं नाही की काय अशी त्याला काळजी लागली होती, ती मिटली.

सकाळी नाश्त्याला बिलं आली. हेडसरांच्या केबिनचं बिल कोरं होतं. विहीणबाईंनी ते सगळ्यांना दाखवलं. केमिस्टसाहेबांच्या केबिनचं कोरं नव्हतं. सोनेरी झाकणाच्या बाटल्या आणि बिअरचे डबे, सगळं स्वच्छ छापलेलं होतं. मुलीने मान खाली घातली. जावई खिडकीबाहेर पाहू लागला. केमिस्टसाहेबांनी हेडसरांकडे पाहिलं.

हेडसरांनी चष्मा काढून पुसला.

"असू दे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माणूस आहे. समुद्राची हवा लागते एखाद्याला. एवढ्यावरून मी नातं तोडणार नाही. फक्त यापुढे घेणार नाही, एवढं त्यांनी सगळ्यांसमोर सांगावं."

विहीणबाईंनी नवऱ्याकडे अभिमानाने पाहिलं. केमिस्टसाहेब उभे राहिले.

"यापुढे घेणार नाही," ते म्हणाले.

तारीख ठरली. सगळ्यांनी सरबत घेतलं.

केबिनमध्ये परतल्यावर केमिस्टसाहेबांनी फ्रिज उघडला. थेंबांची बाटली काढली आणि ते बायकोसमोर उभे राहिले. बायकोने काळ्या काचेचा चष्मा काढला. एक लाल आणि एक धड, अशा दोन्ही डोळ्यांनी तिने त्यांना न्याहाळलं.

"मी डेकवर गेले होते ना, तेव्हा," ती म्हणाली.

केमिस्टसाहेबांनी तोंड उघडलं. त्यांना दिलेला शब्द आठवला. त्यांनी तोंड मिटलं.

बायकोने त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली.

"द्या इकडे. मी घालून घेईन. तुमचा हात का थरथरत होता ते आत्ता कळलं."