मातीखाऊचं बाळंतपण

"आईंचा वाढदिवस पुढच्या रविवारी केला तर?" कॉफीच्या कपात डोळे घालून विब्रेननं हळूच विचारलं.

हिस्केनं केक कापायची सुरी खाली ठेवली. "आईला ऐंशी वर्षं आज होतायत. तुझ्या माशांना सवड होईपर्यंत तिनं काय एकोणऐंशीवरच थांबायचं?"

"अगं, पिल्लं बाहेर सोडलीत तिनं! ये, बघ तरी."

कालव्याकाठच्या वोर्कुम गावातल्या त्यांच्या छोट्याशा घरात खिडकीला लागून एक भलीमोठी काचेची टाकी होती. आयुष्यभर कालव्यावरच्या पुलाची उघडझाप करून विब्रेन निवृत्त झाला होता आणि आता टाकीसमोर बसून पहारा करत होता. टाकीत दक्षिण अमेरिकेच्या नद्यांमधली मातीखाऊ माशांची जोडी होती. वाळूचा घास घ्यायचा, त्यातलं खाण्याजोगं तेवढं ठेवायचं आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून द्यायची, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. पिल्लंही आई तोंडातच सांभाळते. चरायला बाहेर सोडते आणि जरा खुट्ट झालं की सगळी पुन्हा तोंडात ओढून घेते. पण फार घाबरली तर गिळूनच टाकते. विब्रेनचा हातातोंडाशी आलेला घास दोनदा असाच हुकला होता. एकदा दार आपटलं म्हणून आणि एकदा मेहुणा शिंकला म्हणून. त्या मेहुण्याशी तो अजून धड बोलत नव्हता.

शेवटी नवराबायकोत तह झाला. वाढदिवस होईल, पण आवाज न करता. बूट दाराबाहेर, बोलणं कुजबुजत. कागदी पताका फडफडतात म्हणून विब्रेननं त्या उतरवल्या. दिवे मालवले, दारावरच्या घंटीची तारही काढून ठेवली. मग त्याच्या लक्षात आलं की खिडकीवरून सायकल गेली तरी मासोळी दचकते. म्हणून त्यानं पडदे ओढून घेतले.

इथेच घोटाळा झाला. त्या गल्लीत दिवसाढवळ्या कुणी पडदे ओढत नसे. कुणाच्या ताटात काय आहे तेही रस्त्यावरून दिसावं, असाच तिथला रिवाज. पडदा पडायचा तो घरातलं कुणी गेलं तरच. विब्रेनला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्या दिवशी त्याचं सगळं डोकं टाकीत होतं.

पाहुणे आले. ठेवणीतले गडद कपडे, पायांत नुसते मोजे. सगळ्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, गालाला गाल लावले आणि गोल मांडलेल्या खुर्च्यांवर मुकाट बसले. सासूबाईंच्या, म्हणजे येल्चेबाईंच्या, खुर्चीला फुलं बांधली होती. गाणंही झालं, पण नुसते ओठ हलवून. येल्चेबाईंना आधीच कमी ऐकू यायचं, त्यामुळे आपले सगळे नातेवाईक गोलात बसून जांभया देतायत, असं त्यांना वाटलं.

"काय झालंय तुम्हाला?" त्या गरजल्या. "कुणी मेलंय का घरात?"

"शूऽऽऽ!" अख्खा गोल फुत्कारला. विब्रेननं केविलवाण्या चेहऱ्यानं टाकीकडे बोट दाखवलं.

"माझ्याच वाढदिवसाला मलाच गप्प बसवताय? मग त्या मातीखाऊ बयेलाच घाला हा केक!" असं म्हणून त्या तरातरा स्वयंपाकघरात निघून गेल्या. फुलं बांधलेली खुर्ची मधोमध रिकामी राहिली.

नेमक्या याच वेळी समोरच्या दुर्केबाईंनी पडद्याच्या फटीतून आत डोकावलं. अंधारलेली खोली, गडद कपडे, खाली घातलेल्या माना आणि मधोमध फुलं बांधलेली रिकामी खुर्ची. त्यांना आणखी काही पाहायची गरजच वाटली नाही. त्या घरी गेल्या, दुपारसाठी केलेलं वाटाण्याचं सूप पातेल्यासकट उचललं आणि येऊन दारावर हलकेच टकटक केली.

विब्रेन मोज्यांवरच बाहेर आला. पहाटेपासूनच्या जागरणानं त्याचे डोळे लाल झाले होते.

"कधी झालं रे?" एका हातानं पातेलं सावरत दुर्केबाईंनी त्याचा हात धरला.

विब्रेनला गहिवरून आलं. निदान शेजारच्यांना तरी त्याच्या मासोळीची कदर होती!

"आज पहाटे. मी जवळच होतो."

"फार त्रास झाला का तिला?"

"कितीतरी दिवस अन्नाला शिवली नव्हती, दुर्केताई. तोंड मिटून नुसती एका कोपऱ्यात. आज पहाटे तोंड उघडलं, आणि सुटली एकदाची."

"देवा!" दुर्केबाईंनी बाहीला डोळे पुसले. "स्वभावानं तिखट होती, पण मनानं चांगली हो."

"तिखट कसली? सगळ्यांना उगाच वाटतं तसं," विब्रेन म्हणाला. आपल्या सासूबद्दल जावयानं असं बोलावं, हे ऐकून दुर्केबाईंना हुंदकाच फुटला.

कॉफी निवायच्या आत बातमी गल्लीभर झाली. समोरच्या घरानं झेंडा अर्ध्यावर आणला. बेकरीवाला पांढरा कोट काढून काळा घालून आला. पांढरी फुलं हातात घेऊन पाचपन्नास माणसं दारासमोर जमली आणि दुर्केबाई पातेलं हातातच धरून त्यांना शेवटचे क्षण सांगू लागल्या. आता त्यात येल्चेबाईंनी जावयाचा हात हातात घेतल्याचाही उल्लेख येऊ लागला होता.

त्याच सुमारास येल्चेबाई कॉफीचा चोथा टाकायला मागच्या दारानं बाहेर पडल्या. पुढे एवढी गर्दी बघून घराला वळसा घालून आल्या आणि दुर्केबाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कोण गं गेलं?"

दुर्केबाई वळल्या. त्यांची किंकाळी कालव्यापलीकडे ऐकू गेली असावी. पातेलं हातातून सुटलं आणि पायऱ्यांवरून घरंगळत गेलं.

आत मासोळीनं एकच घास घेतला आणि टाकी रिकामी झाली. विब्रेन मटकन खाली बसला. हिस्केनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तिचंही मन भरून आलं.

येल्चेबाई आत आल्या. मागोमाग सगळी गल्ली, ओशाळलेल्या चेहऱ्यांनी. बाहेर सगळा उलगडा झालाच होता. आता घर डोक्यावर घेतील म्हणून सगळे श्वास रोखून उभे राहिले. येल्चेबाईंनी जावयाकडे पाहिलं. बत्तीस वर्षांत त्यांनी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

"गिळली का रे?" त्यांनी विचारलं, आणि चक्क हळू आवाजात.

"कळत नाही, आई. तोंडात असतील तर सोडेल. पण आता तिला अगदी शांत वाटायला हवं."

येल्चेबाईंनी आपली खुर्ची उचलून टाकीसमोर ठेवली आणि त्यावर ठाण मांडलं. "रडायला आलाच आहात, तर माझ्याबद्दल बोलायचंही ठरवलं असेलच. एकेकानं या बऱ्या कानाशी येऊन बोला. हळू. बाळंतिणीला त्रास होता कामा नये."

मग रांग लागली. गल्लीतलं एकेक माणूस वाकून त्यांच्या कानाशी कुजबुजू लागलं. बेकरीवाला बराच वेळ बोलला आणि शेवटी नाक पुसत बाजूला झाला. दुर्केबाईंनी नुसताच गालाला गाल लावला. येल्चेबाई मान डोलवत होत्या, पण नजर काचेवरून हलत नव्हती.

शेवटी विब्रेन वाकला. "आई, मला खोटं बोलवत नाही. सकाळपासून मी तुमचा एकदाही विचार केला नाही. फक्त हिचाच केला."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "हिस्के झाली तेव्हा मीही कुणाचा केला नव्हता. गप्प बस आणि तिकडे बघ."

मासोळीनं तोंड किंचित उघडलं. एक पिल्लू बाहेर आलं, मग दुसरं, आणि मग सगळी पिल्लं भसकन वाळूवर सांडली. खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. माणसं नुसती एकमेकांचे हात धरून उभी होती आणि विब्रेन त्या मेहुण्याच्याच गळ्यात पडून रडत होता.

जरा वेळानं तो डोळे पुसत बाजूला झाला. "पडदे उघडतो आता. अख्ख्या गावाला तुम्ही गेलात असं वाटतंय."

येल्चेबाईंनी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"काही नको. पोरं जरा अंग धरू देत," त्या कुजबुजल्या. "तोवर मी मेलेलीच बरी."