गोफयंत्रे गप्प झाली त्याची हकिकत

गोफयंत्राचा आवाज बंद करण्यात मला संपूर्ण यश आले, हे मी आरंभीच नमूद करून ठेवतो. कारण पुढील हकिकत वाचून झाल्यावर हे विधान कोणी मान्य करील असे मला वाटत नाही. तंत्रविद्यालयात आमचे प्राध्यापक सांगत की, प्रत्येक यंत्रात एक तरी दोष असतो आणि तो शोधून काढणाऱ्याला शांत झोप लागते. दोष मी शोधला. झोपेबद्दल मात्र प्राध्यापकांनी जरा घाईने विधान केले होते.

जर्मनीतल्या आमच्या बार्मेन गावात गल्लोगल्ली बुटाच्या नाड्या होतात. मी राहतो त्या इमारतीच्या मागच्या अंगणात ओस्टरकांप मालकांचा नाड्यांचा कारखाना होता. मी तेथे अभियंता होतो आणि माझ्या सासूबाई आल्विने तेथेच खिडकीकडच्या रांगेतील यंत्रे सांभाळत. गोफ खेळणाऱ्या मुली हातात फिती धरून एकमेकींच्या आतून-बाहेरून फिरतात, तशी गोफयंत्रात सुताची रिळे फिरतात. फरक एवढाच की, मुली पावले हलकी टाकतात. आमच्या यंत्रात एका दातेरी चाकाने रिळाची खुंटी दुसऱ्या चाकाच्या हवाली करायची, आणि हवाली करताना दर वेळी लोखंडाने लोखंडाला एक टपली मारायची. अशी शेकडो रिळे एकदम फिरू लागली की पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसा आवाज होई. गारा निदान कधीतरी थांबतात.

अंगणातल्या लोकांना त्याची सवय होती. तान्ही मुले त्या आवाजात झोपत आणि रविवारी यंत्रे बंद असली की रडत. पण समोरच्या घरात टिगेस नावाचे एक विधुर गृहस्थ नव्याने राहायला आले. टपालखात्यातून निवृत्त झालेले, नीटनेटके, आणि शांततेसाठी आसुसलेले. त्यांनी रीतसर तक्रार केली. सरकारी तपासनीस डॉक्टर लांगे येऊन बजावून गेले: वसंतात पुन्हा तपासणी होईल, तोवर खिडक्या बंद ठेवा, अंगणातला आवाज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर कारखाना गावाबाहेर हलवावा लागेल.

ओस्टरकांप म्हणाले की, या वयात आपण फार तर खुर्ची हलवू शकतो. कारखाना ते बंदच करणार होते. म्हणजे वीसेक बायकांचे काम जाणार, माझी नोकरी जाणार आणि सासूबाई दिवसभर घरी राहणार. हे तिसरे कारण मी कोणापाशी बोललो नाही. परंतु त्या हिवाळ्यात मी ज्या तडफेने कामाला लागलो, ती पाहून माझी पत्नी इर्मगार्ट हिने ते ओळखले असावे.

मी पद्धतशीरपणे पुढे गेलो. लोखंडी चाकांच्या जागी कापडाचे थर राळेत दाबून केलेली चाके बसवली. रिळांच्या खुंट्यांना नायलॉनचे तळवे दिले. खोबणीच्या कडा घासून गुळगुळीत केल्या आणि प्रत्येक यंत्राच्या पायाखाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड चकती सरकवली. सासूबाई येता-जाता पाहत आणि म्हणत, "जावईबापू, लोखंडाला गोधडी पांघरताय. त्याला घाम येईल." मी उत्तर देत नसे. संशोधनात उत्तरे शेवटी द्यायची असतात.

एका सोमवारी सकाळी सगळी यंत्रे एकदम सुरू केली. काहीच ऐकू आले नाही. म्हणजे कोणी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राची पाने उलटत असावे, इतकाच काय तो आवाज. बायकांना वाटले, वीज गेली. लोरे झीपमान ही आमची सर्वांत जुनी कामगार. तिने तरफ खाली-वर करून पाहिली आणि एक बाई फ्यूज बघायला जिन्याकडे निघालीही. यंत्रांतून नाडी मात्र सरसर बाहेर येत होती. मी घसा खाकरला. तो खाकरण्याचा आवाज कारखान्यात प्रथमच कोणाला तरी ऐकू आला असेल. मग मी अभिमानाने सांगितले की, आता खिडक्या उघडायला हरकत नाही. त्या दिवसातली माझी ही एकच चूक, आणि तिच्यामुळे बाकीच्या सगळ्या चुकांची गरज उरली नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या बायका त्या गदारोळात तीस-तीस वर्षे बोलत आल्या होत्या. पूर्ण घसा ताणून बोलायचे, तरी ऐकू कोणालाच यायचे नाही. समजायचे ते समोरचीच्या ओठांवरून. त्यामुळे कोणासमोर काय बोलावे याचे बंधन नव्हते. मालकांना ओठ वाचता येत नसत. ते रांगेतून हसतमुखाने फिरत आणि आपल्याविषयी काय बोलले जात आहे ते त्यांच्या कानांबाहेरच राहून जाई.

त्या सकाळी ओस्टरकांप नवी टोपी घालून दारात आले. लोरेने नेहमीप्रमाणे नेहमीच्या आवाजात सासूबाईंना सांगितले, "आली बघ स्वारी. टोपी नवी घेतली, आतलं डोकं कधी बदलणार?"

वाक्य अंगणात जाऊन समोरच्या भिंतीवर आपटून परत आले.

मालक उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, तिच्यात पाहिले आणि पुन्हा घातली. लोरे पांढरीफटक पडली. मग मालकांनी तितक्याच मोठ्या आवाजात विचारले की, हे आजच सुचले की रोजचेच आहे. तेही याच कारखान्यात वाढलेले; हळू बोलणे त्यांनाही माहीत नव्हते. लोरेही काही कमी नव्हती. ती म्हणाली, रोजचेच आहे, फक्त टोपी नवीन आहे. त्यावर वीसजणी एकदम हसल्या, आणि माझी गोफयंत्रे त्या हास्यात पार बुडून गेली.

पुढचे काही दिवस मी विसरण्याचा प्रयत्न करतो. कोणी कोणाच्या केकला चिखल म्हटले होते, कोणाच्या नवऱ्याच्या चालण्याची नक्कल कोण करीत असे, हे सगळे आता संबंधितांच्या कानांवर जाऊ लागले. भांडणे झाली, समेट झाले, ते दोन्हीही सारख्याच आवाजात झाले. आणि मला प्रथमच कळले की, माझ्या सासूबाई तीस वर्षे कोणत्या विषयावर बोलत होत्या. त्यातली लग्नानंतरची सगळी वर्षे माझ्यावर होती.

घरात मी काही सुधारणा करीत असतो. तळघराचे दार आपोआप मिटावे म्हणून मी त्याला दोरीने एक जुनी इस्त्री वजन म्हणून बांधली होती. दार उत्तम मिटले. उघडण्याचा विचार दुसऱ्या टप्प्यात करायचा होता. इर्मगार्ट बटाटे आणायला खाली गेली आणि सासूबाई कामावरून येईपर्यंत बटाट्यांजवळच बसली. ही हकिकत सासूबाईंनी खिडकीकडच्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशी सांगितली, इर्मगार्ट वर आल्यावर काय म्हणाली तेही सांगितले, आणि ते मला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी नदीवरून रुळाला टांगून धावणाऱ्या गाडीच्या थांब्याजवळ टिगेस भेटले. मी शांततेबद्दल आभाराची अपेक्षा केली. त्यांनी टोपीला हात लावून अदबीने विचारले, "कॉटहाउस साहेब, ते तळघराचं दार शेवटी उघडलं कसं? तेवढं सांगायचं राहिलं आणि साडेतीनला त्यांची सुट्टी झाली."

सासूबाईंनी दोरी कापली असे मी सांगितले. ते निराश झाले. त्यांना काही अधिक नाट्यमय अपेक्षित होते.

आता मला धोका दिसू लागला. तपासणी जवळ आली होती आणि तपासनीसांचे मापक यंत्र लोखंड आणि लोरे यांत भेद करणार नव्हते. मी सर्वांना एकत्र करून हळू बोलण्याचे महत्त्व हळू आवाजात समजावून दिले. सगळ्या माझ्या तोंडाकडे प्रेमाने पाहत राहिल्या. शेवटी लोरे म्हणाली की, साहेबांचे ओठ फार पातळ आहेत, काही वाचता येत नाही. मी मोठ्याने सांगितले. तेव्हा "अस्सं, हळू बोलायचं होय?" असे वीसजणींनी मला मोठ्याने विचारले. जुन्या यंत्रांच्या गदारोळात वर्षानुवर्षे काम केल्याने त्यांच्या कानांची धार गेली होती. हळू बोललेले त्यांना स्वतःलाच ऐकू येत नसे आणि ऐकू येत नाही म्हणून त्या पुन्हा म्हणत.

उपाय सासूबाईंनी काढला. तपासणीच्या वेळी सर्वांच्या तोंडात घास असावा. त्यांनी आदल्या संध्याकाळी काळ्या पावाचे जाड तुकडे कापून, त्यांवर लोणी, धुरावलेले सॉसेज आणि कच्चा कांदा असा थर रचला. पाव शिळा निवडला, कारण शिळा पाव चावायला वेळ लागतो. याला अभियांत्रिकी म्हणतात की नाही हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही, आजही नाही.

डॉक्टर लांगे आले. त्यांनी खिडक्या सताड उघडायला लावल्या आणि अंगणाच्या मध्यभागी मापक यंत्र मांडले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, ओस्टरकांप माझ्या शेजारी, तेही घास घेऊन. आत नाडी सरसर निघत होती आणि वीस जबडे गंभीरपणे हलत होते. काटा तळाशी पडून राहिला. डॉक्टर लांगे यांनी काचेवर टिचकी मारून पाहिली. मग वाकून आत डोकावून विचारले, यंत्रे खरेच चालू आहेत का. मी त्यांना निघणारी नाडी दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले त्याला, सरकारी माणसाच्या बाबतीत, आदर म्हणावे लागेल. ते म्हणाले की, असे काम त्यांनी कोठे पाहिले नाही. माझ्या आयुष्यातला तो क्षण मला नीट आठवतो, कारण तो फार लहान होता.

समोरची खिडकी उघडली. टिगेस बाहेर वाकले. त्यांच्या हातात कॉफीचा पेला होता आणि चेहऱ्यावर खरी चिंता.

"फ्राउ आल्विने, आज सगळ्या गप्प का? कोणी आजारी आहे का? आणि जावयाने त्या न्हाणीघराच्या नळाचं काय केलं, ते काल अर्ध्यावरच राहिलं."

सासूबाईंनी घास गिळला. मी हात वर केला, डोळे मोठे केले, जे काही मुक्या माणसाला करता येते ते सर्व केले. पण एखादा माणूस इतक्या आस्थेने विचारतो तेव्हा उत्तर न देणे आमच्या बार्मेनमध्ये उद्धटपणा समजतात. त्यांनी सांगितले. नळ, वॉशर, छतापर्यंत गेलेले कारंजे आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंची ओली गादी, सारे काही. लोरेने मधे दुरुस्त्या सुचवल्या. उरलेल्या जणींनी कांद्याच्या घासासकट हसून दाद दिली.

काटा मर्यादा ओलांडून पलीकडच्या टोकाला टेकला आणि तेथेच थरथरत राहिला.

डॉक्टर लांगे यांनी ते पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. त्यांनी थकलेल्या आवाजात सांगितले की, नियमात अंगणातला आवाज असे म्हटले आहे, कशाचा ते म्हटलेले नाही. मर्यादा ओलांडली आहे आणि तक्रारदार आपल्या तक्रारीवर ठाम असतील, तर कारखाना हलवण्याचा हुकूम काढणे त्यांना भाग आहे. ओस्टरकांपांनी घास चावणे थांबवले. आत कोणीतरी यंत्रांची तरफ ओढली. कारखान्यात खरी शांतता त्या क्षणी झाली आणि ती कोणालाच आवडली नाही.

तपासनीसांनी वर पाहून टिगेस यांना विचारले.

टिगेस यांनी पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "मी गोंगाटाची तक्रार केली होती," ते म्हणाले. "तो बंद झाला. हा गोंगाट नाही. बायको गेल्यापासून माझ्या घरात कोणी बोललेलं नाही हो. यांना हलवलंत, तर मी त्याचीच तक्रार करीन."

तक्रारदार नसेल तर आपल्याकडे प्रकरणच उरत नाही, असे म्हणून डॉक्टर लांगे यांनी यंत्र पेटीत भरले. जाताना त्यांनी सासूबाईंनी पुढे केलेला पावाचा तुकडा घेतला आणि ओल्या गादीचे पुढे काय झाले ते दारातच उभे राहून ऐकून घेतले.

अशा रीतीने कारखाना वाचला. माझ्या चाकांमुळे वाचला असे मी काही काळ म्हणत असे, पण अंगणात ते म्हटले की वीसजणी दुरुस्ती सुचवत. सासूबाई रोज कामावर जाऊ लागल्या, म्हणजे माझा हेतूही तडीस गेला. टिगेस खिडकीत खुर्ची टाकून बसू लागले. रविवारी ते आमच्याकडे कॉफीला येत आणि आठवड्यात जे ऐकले त्याबद्दल बारीकसारीक प्रश्न विचारत. मी थकून गेलो. घरात काहीही सुधारायचे नाही, असा मी निश्चय केला आणि मोठ्या कष्टाने तो पाळला. नळ गळत होता, मी पाहिले नाही. शिडी डुगडुगत होती, मी तिच्यावर चढलो नाही. घरात कित्येक दिवस काहीही घडले नाही.

एका संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी काटा-चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे नाराजीने पाहिले.

"जावईबापू, टिगेस आज खिडकीतून लवकर उठून गेले. उद्यासाठी माझ्याकडे सांगायला काही नाही. कारखाना पुन्हा अडचणीत यायच्या आत काहीतरी सुधारा की."

इर्मगार्टने टेबलावरून पाना माझ्याकडे सरकवला.