पेडलमध्ये अडकलेला जावई

हे बघ, आधी नुसतं ऐक, मध्ये फाटे फोडू नकोस. आपला पेडल्या माहितीये ना, कोपऱ्यावरून दूध आणायलाही हेल्मेट घालून जाणारा? परवा तो होणाऱ्या बायकोच्या घरी निघाला, तिच्या आईबाबांना पहिल्यांदा भेटायला. बाबा म्हणजे नुसता जाळ. आयुष्यभर लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या आणि बहुतेकांना नापास केलं. तिने बजावलं होतं, "बाबा नाही म्हणाले की संपलं! माणसासारखा ये. सायकल आणू नकोस."

गेला की हा सायकलवरून! वर नवे बूट. त्या बुटाच्या तळाला क्लीट असते, ती पेडलमध्ये खटकन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. पण ती यानेच बसवलेली, स्क्रू आवळायचे राहिलेले. वाटेत दोन गळून पडले. आता टाच वळवली की बूट गरागरा फिरतो, क्लीट ढिम्म. फाटकाशी डावा पाय टेकला, उजवा सुटेचना.

बाबा दारातच. "या. उतरा."

"उतरतोच आहे, काका."

"केव्हा?"

खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? तर हा लंगडी घालत सायकलसकट थेट हॉलमध्ये! सोफ्यावर टेकला, शेजारी सायकल, पाळलेलं कुत्रं बसवावं तशी.

"आमच्याकडे चोऱ्या होतात असं वाटतं का तुम्हाला?"

"छे छे, काका! मला... तिची सवय आहे."

ती डोळ्यांनी याला फाडून खातेय. हा चहा घ्यायला वाकला, तसं पुढचं चाक फिरलं, टीपॉय आडवा, चहा गालिच्यावर आणि चेनचा काळाकुट्ट पट्टा बाबांच्या पांढऱ्या पँटवर. मग कुठे साहेब कबूल झाले, पाय अडकलाय म्हणून.

बाबांनी पाय ओढला, तिने सायकल ओढली, पेडल्या मधल्यामध्ये ताणला गेला. तेवढ्यात आई आतून हात पुसत आली. "अहो, बूट राहू दे ना तिथेच. पाय काढा!"

याने बुटाचं बक्कल सोडलं. पाय बाहेर. बूट पेडलवर ऐटीत.

बाबा त्या बुटाकडे बघतच राहिले. "आयुष्यभर शेजारी बसून लोकांना नावं ठेवली. आज जरा स्वतः बघतो." सायकल रस्त्यावर काढली, बुटात पाय घातला, बक्कल करकचून आवळलं आणि सुटले! समोरच्या बागेभोवती पहिली फेरी हसत. दुसरी शीळ घालत. तिसऱ्या फेरीला ओरड, "अहो, थांबायचं कसं?"

बक्कल सोडायचं तर हँडलवरचा हात सोडायला हवा, तेवढी छाती नाही. ब्रेक दाबावा तर अडकलेल्या बाजूला आडवं व्हायची भीती. हा आपला एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा, मागे धावतोय.

"काका, आमच्या लग्नाचं..."

"आधी धर मला!"

"पण तुमचं काय म्हणणं..."

"धर रे गाढवा!"

फाटकातून ती किंचाळतेय, "आत्ताच विचारून घे, बाबा परत असे सापडायचे नाहीत!" आणि तिच्याशेजारी आई, "अहो, धरा त्यांना, तोंड बघा कसं लाल झालंय!"

सीट याच्या हाताच्या अंतरावर. आता तू सांग, तू असतास तर आधी सीट धरली असतीस, की आधी होकार घेतला असतास?