बंगल्याकडे सरकणारं घर

“भिंतीतून कायले घुसता हो? दार दिसत नाही काय?”

दादासाहेब ओरडले आणि माझा उचललेला पाय हवेतच राहिला. समोर भिंत नव्हती, दारही नव्हतं. बंगल्याच्या आवारात पांढऱ्या फक्कीच्या चार रेघा होत्या, बस्स. मी मुकाट्यानं वळसा घालून ‘दारातून’ आत गेलो. त्याआधी चपला ‘बाहेर’ काढायला लावल्या, हे वेगळंच.

दादासाहेब म्हणजे नेरचे आमचे शेजारी. त्यांच्या आजोबांनी कापसाच्या व्यापारातल्या पैशातून बांधलेला काळ्या दगडाचा बंगला त्यांच्याकडे आला. त्याच्या पायऱ्या अशा उंच, की बांधणाऱ्यानं उंटाच्या पायाचं माप घेतलं असावं. त्यांच्या पत्नी सुमनकाकूंच्या गुडघ्यांनी या पायऱ्यांपुढे हात टेकले, म्हणून आवारातच काकूंपुरतं एक लहानसं बैठं कॉटेज काढायचं ठरलं.

“पण ते बंगल्याचं पोर दिसलं पाहिजे, भाडेकरू नाही!” दादासाहेब सगळ्यांना बजावायचे. छपराचा उतार तोच, कमानी त्याच, वरची कौलंही तशीच. इथवर झकास.

जागा मात्र ठरेना. रोज सकाळी जुन्या रेघा पायानं पुसायच्या, नव्या ओढायच्या. ‘खिडकीत’ खुर्ची टाकून बंगल्याकडे पाहायचं, मान हलवायची, की पुन्हा पुसापुशी. आवळ्याखाली सुरू झालेलं घर विहिरीपाशी आलं, तिथून तुळशीपाशी. तालुक्यातली फक्की संपली. कबड्डीवाल्यांनी दोऱ्या टाकून सामने उरकले. पाया खणायला बोलावलेल्या मिस्त्रीनं तेवढ्यात दुसरीकडे अख्खं घर बांधलं आणि तिथली वास्तुशांत जेवूनही आला.

आज तर घर थेट बंगल्याच्या ओट्याला येऊन भिडलं होतं. काकू ‘स्वयंपाकघरात’ तूर निवडत बसल्या होत्या.

“दादा, उद्या हे घर पायऱ्या चढून माडीवर जाईन!” मी म्हणालो. “इतकं जवळ कायले?”

“माडीवर मी झोपतो ना. बंगला रात्री सुना ठेवणार नाही, असा बाबाले शब्द देल्ला.” दादासाहेबांचा आवाज एकदम खाली आला. “आवळ्याखालून खोकाले लावलं हिले, वर ऐकू नाही आलं. विहिरीपासून लावलं, तरी नाही. रात्री हिले काही झालं, तर मले कसं समजीन?”

काकूंनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मान वर न करता म्हणाल्या,

“दोन खाटा मावतीन एवढं आखा.”