पुदिनाबंदीचा ठराव

धर्मापुरीच्या रस्त्यावरील एका गावात शाळेच्या फाटकासमोर गहिनीनाथची टपरी आहे. तिथे पुदिन्याच्या वासाची तंबाखू मिळते. राज्यात अशा तंबाखूवर बंदी आहे. परंतु ती बंदी सरकारची असल्याने गावाने तिच्यात लक्ष घातले नव्हते. हिरव्या पुड्या गोळ्या-बिस्किटांच्या शेजारी लटकत आणि शाळा सुटली की संपत.

पुड्या खाऊन सातवीतल्या सायलीचे तोंड पुरते उघडेना; आत तीन बोटे जाईनात, दोनच जाऊ लागली. परळीच्या दंतवैद्याने तिच्या आईला, अंजनाला, स्पष्ट सांगितले की पुडी सुटली नाही तर पुढे घाससुद्धा जायचा नाही. पोरीला रागावून झाले, शपथा घालून झाल्या. पण शाळेची वाट टपरीवरूनच होती. शेवटी अंजना ग्रामसभेत उभी राहिली.

"सरपंच, वासाची पुडी गावात विकायची न्हाई, असा ठराव करा."

"पण ताई, तंबाखू तर समदेच खातेत," सरपंच सुंदरराव म्हणाले.

"साधी तंबाखू लेकरं कावून खातील? ठसका लागतो, थुकून देतेत. म्हणून तर पुदिना घातलाय. गार लागतं, गोड लागतं, अन् मंग सुटत न्हाई."

मुद्दा बिनतोड असल्याने तो मतदानाला टाकण्यात आला. महिलांची सभा आदल्या दिवशी कागदोपत्री पार पडलेली होती, त्यामुळे समोर पुरुषच होते.

"बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," ग्रामसेवक प्रवीण म्हणाले.

मंडळींच्या डाव्या तळहातावर तंबाखू होती आणि उजवा अंगठा तिला चुना लावून मळत होता. हात वर केला असता तर सगळी सतरंजीवर सांडली असती. एकट्या अंजनाचा हात वर झाला.

"विरोधात?"

पुन्हा तीच अडचण. अशा रीतीने ठराव एक विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. टाळ्या मात्र झाल्या नाहीत, कारण तेच.

आता कोणत्या पुडीला वास आहे हे ठरवणे आले. त्यासाठी चाखणी समिती नेमण्यात आली. समितीने निष्ठेने काम केले. एका पुडीत निष्कर्ष निघेना, म्हणून दुसरी फोडली. महिनाभराने अहवाल आला: 'पुदिना हा वास नसून गारवा आहे. ठरावात गारव्याचा उल्लेख आढळत नाही.' सदस्यांना आता साधी तंबाखू गोड लागत नव्हती, म्हणून समितीला मुदतवाढ देण्यात आली.

अंजनाने हात टेकले नाहीत. "शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकायची न्हाई, ह्यो तर कायदाच हाय ना?"

"कायदा म्हंजे कायदा!" सुंदरराव कडाडले. लगेच फाटकापासून टेप धरण्यात आली. टपरी फारच जवळ निघाली.

"हलवली तर मोडंल वो, सरपंच," गहिनीनाथ काकुळतीला आला.

गरिबाची टपरी मोडणे कोणाच्याही मनाला पटेना. म्हणून शाळेचे फाटक विटांनी बुजवून मागच्या बाजूला नवे काढण्यात आले. तिथून रस्त्याने मोजले की टपरी कायद्यात बसत होती.

वळसा घालण्यापेक्षा मुले भिंतीवरून उड्या मारू लागली. उडी थेट टपरीपुढेच पडे. लेकरांना लागू नये म्हणून गहिनीनाथने तिथे पदरची वाळू टाकली. या सामाजिक कार्याबद्दल शाळेत त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

सत्कारात तंबाखूमुक्तीची शपथ सांगायचा मान सायलीला मिळाला. ती नीट सांगायचा प्रयत्न करत होती, पण जबडा साथ देईना. मागून पाहुण्यांनी माना वर करून, ओठ मिटून, "हूं हूं" अशी शपथ घेतली.

अंजना उठली. "माज्या ठरावाचं काय झालं?"

सुंदरराव कोपऱ्यात जाऊन, तोंड मोकळे करून आले. "ताई, मंजूर झालाय की! आता आनि काय पायजे?"

सायलीच्या तोंडात सध्या दीड बोट जाते.

वाचकहो, अंजनाचे म्हणणे ज्यांना पटले असेल त्यांनी हात वर करावा. एका हातात हे पान आहे, मान्य. दुसरा तर मोकळा आहे ना? तरी वर गेला नाही. असू द्या. तुमचाही विरोध नाही, एवढी नोंद आम्ही करून घेतली आहे.